पतीस समज दिली, पत्नीस समजावले : इंदूरच्या मराठी मंडळांना खुले पत्र

आदरणीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
इंदूरमधली सर्व मराठी मंडळे

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या नव्या सचिवांचा फोन आला. "ताई, महिला शाखेचं ते समेटाचं रजिस्टर तुमच्याकडेच राहिलंय का? ऑडिटच्या आधी कपाट लावून राहिलोय आम्ही, आणून द्याल?" मी "बघते" म्हणाले. बघायचं काही नव्हतं, रजिस्टर माझ्याच कपाटात आहे, साड्यांच्या खाली. लाल कापडी पाठीचं, 200 पानी, राजवाड्याजवळच्या दुकानातून मीच विकत आणलेलं. त्यातली 112 पानं भरली आहेत आणि बहुतेक पानांवर अक्षर माझं आहे. ते मी परत का देत नाही, हे एकट्या सचिवांना फोनवर सांगण्यापेक्षा तुम्हा सगळ्यांना एकदाच सांगावं म्हणून हे पत्र.

मंडळाचं नाव लिहीत नाही. रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत कुठेही गेलं तरी पद्धत हीच, तेव्हा एकालाच उभं करण्यात अर्थ नाही. पुढे दोन बायकांबद्दल लिहिलं आहे, ते दोघींना विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

बँकेत मी 34 वर्षं नोकरी केली आणि 2013 ते 2022 अशी 9 वर्षं मंडळाच्या समेट समितीवर होते. समिती तिघांची. एक निवृत्त वकील, एक माजी मुख्याध्यापक, आणि 'बाईमाणूसही असावं' म्हणून मी. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकराला मंडळाच्या ऑफिसातल्या जुन्या सोफ्यावर नवराबायकोला शेजारी शेजारी बसवायचं. आधी पोहे, मग चहा, मग "हं, बोला". इंदुरात पोह्यांशिवाय काहीच सुरू होत नाही, समेट तरी कसा होईल? ती बोलायला लागायची. तो म्हणायचा, "सर, एक मिनिट, मी जरा क्लिअर करतो," आणि पुढची वीस मिनिटं क्लिअर करत राहायचा. मग मुख्याध्यापक म्हणणार, भांड्याला भांडं लागणारच. वकीलसाहेब म्हणणार, कोर्टात गेलात तर दहा वर्षं गेली समजा. आणि मी तिला आत पाण्याच्या माठापाशी नेऊन म्हणणार, "जरा दमानं घे गं, पोरीकडे बघ." निघताना मंडळाच्या लेटरहेडवर दोघांच्या सह्या. मागून रजिस्टरात माझी ओळ : 'पतीस समज दिली. पत्नीस समजावले.'

ही ओळ मी 73 वेळा लिहिली आहे. परवा मोजली.

आता त्यातलं एक पान. साल 2018. बाई तिशीतली, एक मुलगी, नवरा नोकरीत कायम, माणूस लाघवी. गणपतीत खुर्च्या लावायला सगळ्यात आधी हजर, आरतीचा हिशोब चोख. ती समोर बसली होती आणि बशीतले पोहे नुसते चिवडत होती. मी आग्रह केला. म्हणाली, "गिळवत नाहीये, काकू." आवाजही बसलेला. आम्हाला वाटलं, रडून रडून घसा दाटलाय. रजिस्टरात मी लिहिलं आहे : 'पतीने रागाच्या भरात गळ्याला हात लावला. मारहाण नाही.' आणि खाली तीच ओळ.

गळा दाबल्यावर बाहेरून वळ दिसेलच असं नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आवाज बसणं, गिळताना त्रास होणं, डोळ्यांत बारीक लाल ठिपके येणं, ही त्याची लक्षणं आहेत आणि अशा बाईला पोह्यांच्या बशीसमोर न बसवता थेट एम. वाय. रुग्णालयात न्यायला हवं, कारण आतली इजा कधी कधी काही तासांनी, काही दिवसांनीही उलटते. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ज्या बाईचा जोडीदाराने पूर्वी गळा दाबला आहे तिचा त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सात पटींनी वाढते. आम्ही ज्याला 'गळ्याला हात लावला' म्हणून सगळ्यात किरकोळ रकान्यात टाकलं, ती धोक्याची सगळ्यात मोठी खूण होती. तिघं शिकलेली माणसं समोर बसली होती. एकालाही कळलं नाही.

हे का झालं, याचा मी बराच विचार केला आहे. आमच्या छापील कागदावर पहिला प्रश्न होता, 'मारहाण होते का? हो / नाही.' बाकी सगळं त्या प्रश्नाच्या पोटात. 'नाही'वर खूण झाली की आमचा जीव भांड्यात पडायचा. मग उरलं ते घरगुती, घरोघरी मातीच्या चुली. आणि 'हो'वर खूण झाली, की दुसरा प्रश्न तयार : किती वेळा? जणू दोनदापर्यंत चालतं.

मार हा त्यातला फार थोडा भाग असतो, हे मला समितीत कळलं नाही, कचरागाडीपाशी कळलं. आपलं शहर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, त्याचं कौतुक सगळ्यांनाच आहे. सकाळी गाणं वाजवत गाडी येते, मागे कप्पे, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी सगळं वेगळं टाकायचं. तीच बाई आमच्या मागच्या गल्लीत राहायला आली होती. समेटानंतर ती मंडळात दिसेनाशी झाली. मला वाटलं, चला, नांदतेय. मग लक्षात आलं की ती फक्त गाडीचं गाणं वाजलं की बाहेर येते, हातात दोन डबे, आणि डबे रिकामे होईपर्यंतच थांबते. एकदा मी म्हटलं, "ये ना वर, चहा घे." तर घाबरून म्हणाली, "नको काकू, दोन मिनिटांत व्हिडिओ कॉल येईल. मागे नळ आणि ओटा दिसायला लागतो." नवरा ऑफिसातून दिवसाला सात-आठ फोन करायचा. गॅसवर काय आहे ते दाखव. बाहेर चप्पल किती आहेत ते दाखव. भाजीला गेली तर पावती आणि परतीचं सुटं नाणं. माहेरचा फोन स्पीकरवर. दहावी-बारावीच्या मार्कशीट, आधार, पोरीचा जन्मदाखला, सगळं त्याच्या कुलपात. रात्री मुद्दाम झोपू द्यायचा नाही, 'चल, विषय संपवू' म्हणत दोन-दोन वाजेपर्यंत. सकाळी पोरीच्या डब्याला उशीर झाला, की 'तुझ्याच्याने एवढंही होत नाही.' समेटानंतर तीन वर्षांत त्याने तिच्या अंगाला एकदाही हात लावला नव्हता.

गरजच नव्हती. त्या एका रात्रीचा धाक तीन वर्षं पुरला. मारणं अधूनमधून, आठवण करून देण्यापुरतं. रोजचा कारभार धाकावर चालतो. आणि आमच्या रजिस्टरच्या हिशोबाने ही केस म्हणजे आमचं यश होतं. त्या पानावर मी नंतर हिरव्या शाईने लिहिलंय : 'संसार सुरळीत.'

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, याला छळ म्हणायचं तर मग सगळेच नवरे आले. नाही येत. सगळेच नवरे चिडतात, ओरडतात, बायकाही ओरडतात, आमच्या घरी तर यांच्यापेक्षा माझाच आवाज मोठा. फरक एवढाच बघायचा, की भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी कोण कुणाला विचारून घराबाहेर पडतं. एकाला 'नाही' म्हणायची भीती वाटते का? जिथे भीती एकाच बाजूला आहे, तिथे भांड्याला भांडं लागत नाहीये.

आणि कायदाही हेच म्हणतो, 20 वर्षांपासून. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला. त्यात हिंसा चार तऱ्हेची धरली आहे : शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व मानसिक, आणि आर्थिक. या चौथीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण ती माझ्या काउंटरवरून रोज जात होती आणि मी तिच्यावर शिक्के मारत होते.

बँकेत असताना काही वर्षं माझ्याकडे सोनंतारणाचं काम होतं. नवराबायको येतात. ती पिशवीतून डबी काढते, डबीतून पाटल्या, तोडे, कधी मंगळसूत्र. सराफ तोलतो, काळे मणी आणि खडे यांचं वजन वजा करतो, कस लावतो. हे सगळं चालू असताना मी बायकांचे चेहरे बघायचे नाही, फॉर्म बघायचे. कर्ज तिच्या नावावर, सही तिची, पैसे जाणार त्याच्या खात्यात. एक बाई होती, शिक्षिका. पगार स्वतःचा, खातंही स्वतःचं, पण एटीएम कार्ड आणि पिन त्याच्याकडे. एक तारखेला पगार पडला की दुपारपर्यंत खातं रिकामं. ती एकदा एकटी आली, स्लिप भरून 500 रुपये काढायला. सही जुळेना. नमुन्यातली सही ठसठशीत, वळणदार, आणि स्लिपवरची अशी की जणू कुणी हलत्या बसमध्ये केली आहे. मी म्हणाले, "मॅडम, पुन्हा करा." तिने पुन्हा केली. पुन्हा नाही जुळली. तिसऱ्यांदा करताना तिने मागे दाराकडे बघितलं. मी नियमाप्रमाणे स्लिप परत केली.

ती बाई आता निवृत्त आहे आणि एकटी, मजेत राहते. मागच्या दिवाळीत भेटली तेव्हा मी विचारलं, ते 500 कशाला हवे होते हो? म्हणाली, "देवासला बहिणीकडे जायचं होतं. परत यायचं नव्हतं." मग अजून 6 वर्षं लागली तिला.

पगार काढून घेणं, नोकरी सोडायला लावणं, घरखर्चाला न देणं, तिच्या नावावर कर्ज काढून हप्ते बुडवणं, स्त्रीधन विकणं किंवा गहाण टाकणं, हे सगळं त्या कायद्यात येतं. स्त्रीधनाबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगून टाकलंय, की ते संपूर्ण तिचं. सासरी ठेवायला दिलं म्हणून सासरचं होत नाही. आमच्या रजिस्टरात 19 पानांवर दागिन्यांचा उल्लेख आहे. एकाही पानावर 'परत करावे' असं आम्ही लिहिलेलं नाही. 'दागिने हा वादाचा मुद्दा करू नये,' असं लिहिलंय. अक्षर अर्थातच माझं.

घराचंही तसंच. "घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुला तिथे हक्क नाही," हे वकीलसाहेबांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या बाजूने 2006 चा एक निकाल होता, हे खरं. पण ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला : ज्या घरात ती लग्नानंतर नांदली ते घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं, तरी तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते. साहेब 2020 नंतरही जुनंच सांगत राहिले आणि मी लिहीत राहिले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांची वकिली जमिनीच्या खटल्यांची. संसाराचे सल्ले ते वयाच्या अधिकाराने द्यायचे.

आता 'गैरवापर'. हा शब्द निघाल्याशिवाय आपली एकही सभा संपत नाही, म्हणून मीच काढते. खोट्या तक्रारी होतात का? होतात, कोणत्या कायद्यात होत नाहीत? पण तुमच्या डोक्यात दोन वेगळे कायदे एकत्र झाले आहेत. फौजदारी आहे तो सासरच्या छळाबद्दलचा जुना 498अ, 1983 चा. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेत कलम 85 आणि 86 म्हणून आहे. त्यातही ऊठसूट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच पोलिसांना बजावलं आहे. 2005 चा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा. त्याखाली अर्ज केला म्हणून कुणाचा पोरगा तुरुंगात जात नाही. न्यायाधीश आदेश देतात : तिला मारू नको, तिच्या ऑफिसात जाऊ नको, घराबाहेर काढू नको, खर्चाला इतके दे, पोरं तिच्याकडे राहू दे. तो आदेश मोडला तरच गुन्हा. मग एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ज्याला तुरुंग नको त्याने फक्त आदेश पाळायचा आहे. यात आपल्या पोरांवर कोणता अन्याय होतो, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

अर्ज आल्यापासून पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि त्या तारखेपासून निकाल शक्यतो साठ दिवसांत, असं कायद्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात महिने जातात, हेही खरं. कचरागाडीवाल्या माझ्या मैत्रिणीला (आता तिला मैत्रीणच म्हणते) अंतरिम आदेश मिळायला सात महिने लागले. आणि उशिराचं एक कारण आपण होतो. तिच्या नवऱ्याच्या वकिलाने मंडळाच्या लेटरहेडवरचं समेटपत्र कोर्टात दाखल केलं. 'दोघांनी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय.' खाली तिची सही, साक्षीदार म्हणून माझी.

ती निघाली कशी, ते सांगते. 2021 चा पावसाळा. गाडीपाशी डबे रिकामे होत होते, आणि ती खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, महिला थान्यात मराठीत बोललं तर चालतं का?" मला आधी हसूच आलं, मग कळलं की हिने हे वाक्य कित्येक दिवस मनात धरून ठेवलं असणार. घरात मराठी, माहेर भुसावळकडचं, हिंदी समजते पण भीती वाटली की मराठीच तोंडात येते. त्याआधी तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) असं दिसलं, की मार किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या शंभर बायकांपैकी 77 जणींनी मदत मागितली नाही, कुणाला सांगितलंही नाही. मदत मागणाऱ्या फक्त 14. म्हणजे तुमच्या ऑफिसची पायरी चढून जी येते ती आधीच त्या 14 मधली. ती हिंमत गोळा करून आलेली असते, आणि आम्ही तिला पोहे देऊन परत पाठवायचो.

"मग इतकी वर्षं सोडून का गेली नाही?" हे मला बायकाच जास्त विचारतात. उत्तर मागे दिलेलंच आहे : खात्यात पैसे नाहीत, कागद कुलपात, माहेरी भावाचा संसार दोन खोल्यांत, पोरीची शाळा. शिवाय एक गोष्ट, जी या कामातले लोक ठामपणे सांगतात आणि आपल्याला उलटी वाटते. सगळ्यात जास्त धोका ती निघते तेव्हा आणि निघाल्यानंतरचे काही महिने असतो. धाक सुटतोय हे कळलं की तो चवताळतो. म्हणून 'उद्या सकाळी बॅग भर आणि ये' हा सल्लासुद्धा बेजबाबदार आहे, आणि तोही मी दिलेला आहे. मैत्रिणीने दोन महिने तयारी केली. कागदांचे फोटो माझ्या फोनवर. पोरीच्या शाळेच्या दप्तरात एकेक कपडा. एका किल्लीची नक्कल. ज्या दिवशी तो देवासला साइटवर गेला त्या दिवशी आम्ही जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात गेलो. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, हे 1987 च्या कायद्यातच आहे. त्यांचा नंबर 15100. तिथून पुढे महिला व बाल विकास विभागाच्या संरक्षण अधिकारी बाईंकडे. महिला थान्यातल्या हवालदार बाईंचं आजोळ निघालं जळगावचं. मराठी चाललं.

त्या वर्षी राज्यभरातल्या ठाण्यांत ऊर्जा महिला डेस्क सुरू झाले होते. आधी 180 ठाण्यांत त्याची चाचणी घेतली होती, तिचे निष्कर्ष नंतर प्रसिद्ध झाले : डेस्क असलेल्या ठाण्यांत बायकांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या, आणि डेस्कवर बाई असली तर गुन्हेही जास्त दाखल झाले. मला यात नवल वाटलं नाही. समोर कोण बसलंय आणि पहिला प्रश्न काय विचारतंय, यावर सगळं असतं. मी बाई असूनही नऊ वर्षं चुकीचा प्रश्न विचारला, तेव्हा नुसती बाई बसवूनही भागत नाही.

आपण दर वर्षी अहिल्योत्सव करतो. 1754 मध्ये कुंभेरला खंडेराव गेले आणि मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही, हे प्रत्येक वक्ता सांगतो. घरातला सगळ्यात मोठा माणूस सुनेच्या बाजूने उभा राहिला, एवढाच त्याचा अर्थ मी घेते. तुम्ही आमच्या समाजातले मोठे लोक आहात. लग्नपत्रिका आधी तुमच्याकडे येते.

तेव्हा समेट समित्या बंद करा. नाव बदलून 'समुपदेशन केंद्र' करू नका, बंद करा. धाक आहे तिथे दोघांना एका सोफ्यावर बसवणं म्हणजे तिने घरी जाऊन कशाची किंमत मोजायची, याची यादी त्याच्यासमोर तयार करणं. ती आली तर तिच्याशी एकटीशी बोला, दार लावून. गळा दाबला का, हत्याराची किंवा पोरांना मारायची धमकी दिली का, तू निघालीस तर तो काय करेल असं तुला वाटतं, एवढं विचारा आणि तिच्या उत्तरावर विश्वास ठेवा. त्याला तिच्याइतकं कुणी ओळखत नाही. मग तिला हवं असेल तिथे सोबत जा. कायद्याच्या कलम 4 प्रमाणे शेजारीपाजारी, मंडळ, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दावा चालत नाही. फक्त तिला न विचारता कळवू नका. ताबडतोब धोका असेल तर मात्र 112 ला फोन करा.

प्रत्येक मंडळाकडे बाहेरगावच्या गायक-वक्त्यांसाठी एखाददोन खोल्या आहेत. वर्षातले तीनशे दिवस त्या रिकाम्या असतात, गाद्यांना वास येतो. एक खोली, दोन रात्री, कुणी विचारू नये, एवढी सोय होईल का? गायक हॉटेलात राहतील, त्यांना तेच जास्त आवडतं.

बायकांच्या बाथरूमच्या दाराला आतून एक कागद चिकटवा : 112, 181, 15100. (181 म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना सीएम हेल्पलाइनच आठवते, म्हणून खाली 'महिला हेल्पलाइन' असं लिहा.) बाहेरच्या फलकावर लावून उपयोग नाही, तिथे तो शेजारी उभा असतो. कडी लावल्यावर ती एकटी असते.

आणि वधू-वर मेळावा. आपल्या फॉर्मवर गोत्र आहे, नाडी आहे, मंगळ आहे, कांदा-लसूण चालतो का हेही आहे. 'निर्दोष घटस्फोटित' हा शब्द कोण ठरवतं, मला कधी कळलं नाही. फॉर्म भरणाराच ठरवतो बहुधा. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचं नाव मागच्या मेळाव्याच्या पुस्तिकेत याच शब्दासकट छापून आलं आहे. खटला चालू आहे, घटस्फोट झालेला नाही. फोटो मोठा छान आहे. एका मुलीच्या वडिलांनी मला फोन करून विचारलं, "ताई, तुमच्या मंडळातला आहे, माणूस कसा?" मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे खुलासा मागणारं पत्र आलं, सभासदाची बदनामी केली म्हणून. त्याच लेटरहेडवर.

आता रजिस्टर. मंडळाच्या घटनेप्रमाणे त्याची कागदपत्रं बघायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. ज्या नवऱ्यांना आम्ही 'समज दिली' त्यातले कित्येक जण सभासद आहेत, दोघे तर कार्यकारिणीत. बायकांनी माठापाशी मला जे सांगितलं ते मी त्या रजिस्टरात मार्जिनमध्ये पेन्सिलने लिहून ठेवायचे, कुणाच्या तरी लक्षात राहावं म्हणून. कुणी कुठे पैसे लपवले, कुणाची बहीण कोणत्या गावी आहे, कुणी कोणत्या मैत्रिणीच्या फोनवरून बोलते. ते पुसून द्यावं तर कागदावर दाब उमटलेला आहे, तिरपं धरलं की वाचता येतं. मी करून पाहिलं.

म्हणून ते कपाट लावायला मिळणार नाही. ऑडिटरला हिशोबाच्या वह्या पुरतात. ज्या 73 ओळी मी लिहिल्या, त्यातल्या ज्यांच्यापर्यंत सुरक्षितपणे पोचता येईल त्या प्रत्येकीला मी विचारते आहे, की तुझ्या पानाचं काय करू. आतापर्यंत अकरा जणींशी बोलणं झालं. सात जणी म्हणाल्या फाडून टाका, ती पानं मी त्यांच्यासमोर फाडली. तिघींनी आपापलं पान मागून घेतलं, कोर्टात लागेल म्हणून. एक म्हणाली, "राहू द्या काकू तुमच्याकडेच, मी सांगेन कधी लागेल ते." ती अजून त्याच घरात आहे.

सचिवांनी कृपया यालाच खुलासा समजावा.

आपली,
महिला शाखेची एक माजी सभासद
सुदामा नगर, इंदूर